पातीवरचं साल

एरवी देवळाची पायरी न चढणाऱ्या आमच्या तारबाबूंना खंडेनवमीला मात्र भक्तीचं उधाण यायचं. निजामाच्या रेल्वेत, पूर्णा स्टेशनात ते कामाला होते. त्या दिवशी घरोघर जुनी हत्यारं पूजेला मांडलेली असत, आणि मला, शाळामास्तराला, सोबत ओढून हे विळ्या-कोयत्यांत फ्रेंच संगीन शोधत फिरायचे. पितळी मूठ दिसली की पातीच्या पाठीवर कोरलेलं कारखान्याचं नाव नि साल वाचायचं अन् घरच्यांची शिवकालीन तलवार फ्रान्सची ठरवून मोकळं व्हायचं. त्यापायी कित्येक घरांत आमचा चहा हुकला.

पालमकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कुंकू लावलेली संगीन पुढं केली. "सत्तावनच्या बंडात आमचा आजा हीच घेऊन लढला. लय मान हाय हिचा."

बाबूंनी पातीची पाठ निरखली. मीही डोकावलो. साल बंडानंतर बारा वर्षांचं! आता आज्याची धडगत नव्हती.

बाबूंनी संगीन हळूच पाटावर ठेवली. "अस्सल हाय, बाबा. जपा."

वाटेत मी विचारलं, "साल न्हाई वाचलं?"

"चष्मा घरीच राह्यला, मास्तर," म्हणत त्यांनी नाकावर घसरलेला चष्मा बोटानं वर सारला.