पाहुण्यांसाठी हिरवा केलेला मका

मृणालीला बांधावरूनच वास आला. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. ती मक्याच्या ओळीत शिरली. पोंग्यांत, कोवळ्या पानांच्या सुरळ्यांत, युरियाचे पांढरे दाणे अडकले होते, पानांची टोकं करपली होती.

आरे-वारेकडच्या एका खलाशाची ही मुलगी. शेतकीची पदविका घेऊन देवरूखजवळच्या खत वाचवण्याच्या प्रकल्पावर नोकरीला लागली होती. भात निघाल्यावर नदीकाठी मका करायचा. एका पट्ट्याला भरपूर युरिया द्यायचा, बाकीच्या शेताला बेताचा. मग पानांचा हिरवेपणा मोजणारं सेन्सरचं यंत्र पिकावर धरून ओळीतून चालायचं. बाकीचं पीक पट्ट्याइतकंच हिरवं असेल तर खत थांबवायचं, मागे पडलं असेल तर हवं तेवढंच द्यायचं. एखादं माप पटलं नाही तर ती भर उन्हात पुन्हा त्याच ओळीतून जायची.

हे शेत गावच्या शेतकरी गटाचे अध्यक्ष हरिश्चंद्र यांचं. ते मांडवात खुर्च्या लावून घेत होते.

"काका, सगळीकडे युरिया कुणी टाकला?"

"मीच टाकायला लावला गो. गेल्या आठवड्यात एकदा, काल परत. आज प्रकल्पाला पैसे देणारी मुंबईची माणसं येणार. एकटा पट्टा हिरवागार नि बाकीचं फिकट, बरं दिसतं काय?"

"मग आता तुलना कशाशी करू?"

"ते तुझं यंत्र सांगेल."

तिने प्रकल्पप्रमुख उन्मेषला गाठलं. त्याने फोनमधून मान वर केली नाही. "मागच्या फेरीचं माप सांगून टाक. त्यांना कुठे कळतंय?"

पाहुणे आले, नाकाला रुमाल लावून बांधावर उभे राहिले. सेन्सरमुळे इथे निम्मा युरिया वाचला, असं उन्मेषने सांगितलं. टाळ्या पडल्या. मग त्याने मृणालीला पुढे केलं.

"या शेतात माप घेण्यात अर्थ नाही," ती म्हणाली. "काल इथे सगळीकडे युरिया ओतलाय. वाचलं काहीच नाही."

मग एक पाहुणे हसले, "मुलगी प्रामाणिक आहे हं," म्हणाले आणि जेवणात मासे आहेत का, ते विचारू लागले. बाकीचेही मांडवाकडे वळले. त्यापेक्षा कुणी शिवी दिली असती तर तिला परवडली असती.

यंत्र उन्मेषच्या खुर्चीवर ठेवून ती म्हणाली, "उद्यापासून मी येणार नाही."

"एवढ्याशा युरियासाठी?"

"हो."

हरिश्चंद्रांचा मका चांगला आला. प्रकल्पाच्या रत्नागिरीच्या कार्यालयात त्या दिवसाचा फोटो लागला. त्यात मृणालीही होती. तिने दोनदा फोन करून तो काढायला सांगितला. काढला नाही. त्या भिंतीवर आपण आहोत हे ती अजून विसरलेली नाही.

पुढच्या वर्षी हरिश्चंद्रांच्या शेजारच्या शेतातल्या मालनकाकीने आपल्या मक्याला किती खत लागेल ते बघायला तिला बोलावलं. यंत्र नव्हतं, म्हणून मृणाली पानाचा रंग ताडून बघायची प्लास्टिकची पट्टी घेऊन गेली.

"काकी, यावर सेन्सरइतकं नेमकं नाही कळत."

"असू दे. जेवढं कळेल तेवढं सांग."

मृणाली पहिल्या ओळीत वाकली.