गेटसमोरची माती

गेल्या वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला आमच्या संडेस्कूलच्या बाईंना साडेतीन हात जमीन नाकारली गेली. नाकारणारे तुम्ही. समोरच्या टॉवरमध्ये राहणारे भले, शिकलेले लोक. म्हणून हे तुमच्यासाठीच लिहितोय.

बाईंना तुम्ही पाहिलंय. रविवारी सकाळी तुमच्या सोसायटीवरून पोरांची रांग घेऊन जायच्या त्या. पांढरी साडी, पायात रबरी चपला. आठवडाभर चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायच्या. तुमच्या वॉचमनपासून गल्लीतल्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना आम्हा ख्रिस्ती माणसांचा नमस्कार, "सलाम", करायच्या. कुत्रं निदान शेपूट तरी हलवायचं.

"मूठ उघड, बाळा." खाऊ वाटताना बाईंचं हेच, प्रार्थनेआधी हेच, दोन पोरांची मारामारी सोडवतानाही हेच.

बायबल शिकवण्यात बाई कच्च्या होत्या. "तो पेत्र होता का पौल... असू दे, कोणीतरी एक. पण रडला बिचारा खूप." मागून चर्चचे पाळकसाहेब खाकरायचे, "पेत्र, बाई." "तेच म्हणते मी," म्हणून बाई पुढे चालू.

पण बाई आम्हाला मातीला न्यायच्या. चाकणच्या कंपन्यांत झारखंड-ओडिशाकडून पोरं येतात, त्यांत काही ख्रिस्ती असतात. कोणी आजारात जातो, कोणी हायवेवर. गाव लांब, मग इथेच जुन्या दफनभूमीत त्याची माती व्हायची. आणि मातीला माणूस नसायचा, कारण रूममेट ड्युटीवर. बाईंना कळलं की त्या दिवशीचं संडेस्कूल तिकडेच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिसरीत होतो. प्लायवूडची पेटी होती. तिच्यावर माती पडली की धप्प आवाज यायचा. मी मूठ गच्च मिटून उभा. बाईंनी माझं एकेक बोट सोडवलं.

"मूठ उघड, बाळा. त्याची आई लांब आहे. तिच्या वाटची तू टाक."

नंतर नळावर हात धुऊन सगळ्यांना ग्लुकोजची बिस्किटं. मी विचारलं, "बाई, हा कोण होता?"

"शेजारी."

"आपल्या चाळीत तर नव्हता."

"मग काय झालं?"

माझी आई त्यांच्याशी भांडायला गेली होती. "लेकरांना मसणात नेता व्हय? झोपेत दचकतंय माझं पोरगं!" बाई म्हणाल्या, "खरंय गं, एकटंच येतं ना. पुढच्या वेळी तू पण चल." आई रागारागाने गेली. त्यानंतर तिने एकही माती चुकवली नाही.

मी मोठा होईपर्यंत जुनी जागा भरत आली. तुमच्या टॉवरसमोरच्या प्लॉटवर दफनभूमी व्हायचं ठरलं होतं, टॉवर उभे राहायच्याही आधी. पत्र्याचं कुंपण झालं, गेट लागलं. तुम्ही राहायला आलात, हरकत घेतलीत आणि गेटला कुलूप पडलं. तुमचा बॅनर मला पाठ आहे: "आमच्या मुलांच्या नजरेसमोर दफनभूमी नको."

मी पत्रकं काढली. बाईंनी चष्मा लावून एक वाचलं. "'निषेध' केवढ्यांदा लिहिलास रे? आणि वर सलाम लिहायचा राहिला."

"बाई, त्यांना कशाला सलाम?"

"सगळ्यांना असतो तो."

त्याच महिन्यात तुमच्या सेक्रेटरींचे वडील वारले. बाई पोरांना घेऊन तुमच्या गेटबाहेर हात जोडून उभ्या राहिल्या, अंत्ययात्रा वळणापलीकडे जाईपर्यंत. मी भडकलो. "त्या घरानं आपल्याविरुद्ध सह्या गोळा केल्यात!"

"गेलेल्या माणसानं नाही ना केल्या," बाई म्हणाल्या. "आणि केल्या असत्या तरी आलेच असते."

गुड फ्रायडेच्या आठवड्यात, बुधवारी, कॅन्टीनमध्येच बाईंच्या छातीत दुखायला लागलं. गुरुवारी सकाळी गेल्या. जुन्या दफनभूमीत कुदळ मारायला जागा नव्हती. आम्ही सेक्रेटरींकडे गेलो. मी, ओरडणारा माणूस, हात जोडून म्हणालो, "साहेब, एकदाच हरकत नाही म्हणा. एकदाच गेट उघडू द्या."

त्यांचे डोळे भरले होते, हे मी खोटं सांगणार नाही. "बाई फार चांगल्या होत्या हो. पण एकदा उघडलं की पायंडा पडतो."

दुपारी बाईंचा भाचा नगरकडच्या गावाहून अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन आला. ज्या गावातून त्या तरुणपणीच बाहेर पडल्या, तिथे त्यांना घेऊन गेला. दार लागलं, गाडी हायवेला लागली. मागे वळून बघतो तर संडेस्कूलची सगळी पोरं रांगेत उभी. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाच्या मुठीत माती.

सहावीतल्या रूथने विचारलं, "दादा, आता ही कुठं टाकायची?"

 

आणि उत्तरासाठी न थांबता ती चालायला लागली. मागून सगळी रांग. तुमच्या वॉचमनसमोर थांबून तिने "सलाम, काका" म्हटलं. मग त्या कुलूपबंद गेटसमोर तिने मूठ उघडली. एकेकाने उघडली. सगळ्यात लहानग्याची उघडेना, तेव्हा रूथने खाली बसून त्याचं एकेक बोट सोडवलं. म्हणाली, "टाक. बाई लांब गेल्यात."

ओंजळभर ढीग झाला. दुसऱ्या दिवशी तुमच्या वॉचमनने रस्ता झाडताना तेवढी जागा सोडून झाडलं. तुमच्या बाल्कनीतून ते दिसलं असेल. तुमच्या मुलांनी विचारलंही असेल. काय सांगितलंत?

बाईंना आता परत आणता येत नाही. पण चाकणला माणसं मरायची थांबलेली नाहीत आणि पोरं रविवारी अजून रांगेने जातात. येत्या रविवारी तुमच्या सोसायटीची मीटिंग आहे. हरकत मागे घ्यायची का, एवढाच विषय.

वर लिहायचा राहिला, तो इथे लिहितो. सलाम. रविवारी खाली उतरा, हात वर करा आणि ते कुलूप काढू द्या.