नानांच्या गाडीतला ओला कापूस

"गॅस पूर्ण आहे," मी गेज दाखवत नानांना म्हणालो. "ए.सी.ला काहीही झालेलं नाही."

पारोळ्याजवळच्या एका गावात, नानांच्या अंगणात उभा राहून मी हे छातीठोकपणे सांगत होतो. मे महिना, सकाळचे नऊ, आणि बॉनेट आताच चटके देत होतं. धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे ए.सी. दुरुस्त करायला लागून मला बावीस वर्षं झाली. माझ्या गेजवर माझा जरा जास्तच जीव.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिस. येता-जाता त्या मागच्या सीटवर आडव्या होतात. गेल्या खेपेला उन्हाने त्यांना वाटेतच भोवळ आली होती. उद्या सकाळी पुन्हा जायचं होतं, म्हणून नानांनी मला घरीच बोलावलं.

ओसरीतल्या खाटेवरून अक्का म्हणाल्या, "गार शे रे भाऊ, पन मांगे येतच नही. मी तवयच सांगेल व्हतं."

खरंच सांगितलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी वर्कशॉपमध्ये. मी त्यांचं न ऐकता ड्रायव्हरशीच बोललो, थोडा गॅस भरला आणि गाडी सोडली.

आता मागच्या सीटवर बसलो. पंखा फुल. आवाज मोठा, पण वारा फुंकर घातल्याइतकाच. माझं तोंड उतरलं.

डॅशबोर्डच्या आत एक डबा असतो. पंखा बाहेरची हवा काचेखालच्या जाळीतून ओढतो, ती फिल्टरमधून गाळली जाऊन कूलिंग कॉइलवर जाते आणि गार होऊन तुमच्यापर्यंत येते. हीटरही त्याच डब्यात. मी ग्लोव्हबॉक्स उतरवला. फिल्टरची जागा रिकामी.

"फिल्टर कुठंय?" नानांनी विचारलं.

कुठं असणार? मार्चमध्ये सर्व्हिसिंगला जुना मीच काढून फेकला होता. नवा स्टॉकमध्ये नव्हता. पुढच्या खेपेला टाकू म्हणून झाकण लावलं आणि साफ विसरलो. आणि नानांची गाडी उभी कुठं, तर भाव वाढायची वाट बघत पत्र्यापर्यंत रचलेल्या कापसाच्या शेडमध्ये. पंखा काढून टॉर्च मारला. कॉइलवर कापसाची गादीच बसली होती, तीही ओली. गार कॉइलवर पाणी सुटतंच.

चिमट्याने ओढून पाहिलं. तुकडे हातात येत होते, मूळ थर हलत नव्हता. वर्कशॉपच्या शेठना फोन लावला.

"गॅस काढ, डॅशबोर्ड उतरव. गाडी इकडेच आण. दोन दिवस लागतील."

"शेठ, उद्या पेशंट न्यायचाय."

"मग त्यांना दुसरी गाडी करायला सांग."

गावात ए.सी.वाली दुसरी गाडी नव्हती. बिना ए.सी.च्या जीपमधून अक्कांना न्यायचा तर प्रश्नच नव्हता; गार वारा मागे पोचला नाही की काय होतं, ते गेल्या खेपेला सगळ्यांनी पाहिलं होतं. मी पुन्हा चिमटा उचलला.

"ओला कापूस वढू नको भाऊ, तुटस," अक्का म्हणाल्या. "वाळू दे. मंग बठ्ठा एकदम निंघस."

सगळा जन्म कापसात गेलेली बाई. मी ऐकलं. पंखा परत बसवला, गाडी उन्हात लावली, ए.सी. बंद ठेवून नुसता पंखा फिरवला. दोन तास. तोवर नाना मोटारसायकलवर पारोळ्याहून नवा फिल्टर घेऊन आले, आणि मी त्यांच्या घरची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाल्ली; चूक माझीच असताना ते मला अजिबात शोभत नव्हतं.

पंखा पुन्हा काढला. कापसाची कड धरून हळूच ओढली. अख्खा थर एका हातात आला. मागे कॉइल लख्ख! मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. नवा फिल्टर बसवला, पंखा लावला. मागच्या सीटवर गार झोत आला.

"अक्का, फिल्टर मीच टाकला नव्हता. चूक माझी," मी सांगितलं. त्या माझ्यामुळे तापत होत्या, हे गिळून घरी जाववेना.

"खरं सांगं ना तू? बस, व्हयनं," विषय तिथंच संपवत त्या म्हणाल्या आणि नानांना शेडमधला कापूस दुसरीकडे हलवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्यांचा फोन आला. "भाऊ, धुये उनं तवय जाग उनी." धुळं येईपर्यंत अख्खा रस्ता त्या झोपल्या होत्या. मी फोन ठेवला आणि डोळे पुसले. त्यांनी मला रागावायला हवं होतं. त्यांनी काम शिकवलं.

आता ए.सी.ची गाडी आली की गेज लावण्याआधी मी मागच्या सीटवर जाऊन बसतो. शेठ ओरडतात, "आराम करायला आलास का?"

"तपासतोय," मी सांगतो.