मआमीरची सोन्याची खाण

बहरीनमध्ये सोन्याची खाण नाही. तेल आहे, एकेकाळी मोती होते, वाळू हवी तेवढी आहे. सोनं मात्र बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारात काचेआडच दिसतं. पण खाण नाही म्हणून खाणीला पाणी पुरवायची सरकारी योजना असू नये, असं थोडंच आहे? 'तेलानंतर काय' या विषयावरच्या एका परिषदेत कुणा सल्लागाराने 'शहरी खाणकाम' हा शब्द काढला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो सगळ्यांना आवडला. राजधानी मनामातल्या दागिन्यांच्या कारखान्यांतली धूळ, केर, जुने गालिचे गोळा करायचे, मआमीरच्या औद्योगिक वसाहतीत शेड बांधून तिथे धुवायचे आणि त्यातलं सोनं काढायचं. समुद्राचं खारं पाणी गोडं करायला इथे सोन्यासारखा पैसा लागतो, तरी 'खाणकाम' या सदरात ते जवळजवळ फुकट मिळणार होतं. एक कंपनी उभी राहिली, शेड उभी राहिली. फक्त खाणकाम येणारा माणूस हवा होता.

तो आडनावावरून मिळाला.

शिवदास झारेकर शेडचे नळ बसवायला आलेला प्लंबर होता. मूळचा कोल्हापूरचा. त्याचे वाडवडील झारेकरी, म्हणजे गुजरीतल्या सोनारांच्या दुकानांपुढची माती झाडून नेणारे आणि ती धुऊन सोन्याचे कण काढणारे. शिवदासला या धंद्याची लहानपणापासून लाज. शाळेतली पोरं त्याला 'गटारातलं सोनं' म्हणायची. वडील थाळी घेऊन बसले की हा मागच्या दाराने पसार. पुढे तो नळाचं काम शिकला आणि बहरीनला आला. पाण्याशी नातं ठेवलं, मातीशी तोडलं.

कंपनीचा फायनान्स मॅनेजर परीक्षित पुण्याचा. गेट पास करायला शिवदासचं कार्ड हातात घेतलं आणि तो थांबलाच.

"झारेकर? म्हणजे खरे झारेकरी?"

"व्हय साहेब. पण मी ते—"

"किती पिढ्या?"

"मला काय ठाव. लई."

'लई' हा आकडा परीक्षितने अर्जात 'सात पिढ्यांचा अनुभव' असा भरला. महिन्याच्या आत शिवदास कंपनीचा 'चीफ रिकव्हरी एक्स्पर्ट' झाला. पगार इतका वाढला की फॅमिली व्हिसा निघाला. बायको मथुरा आणि मुलगी श्रेया आल्या. ईसा टाउनला फ्लॅट घेतला, श्रेया तिथल्या शाळेत जाऊ लागली आणि दोन महिन्यांत आईच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली.

मथुराचं माहेरही झारेकऱ्याचंच. नवऱ्याचा नवा हुद्दा ऐकून ती पोट धरून हसली.

"तुमाला? तुमास्नी थाळी धरता येत न्हाई नीट. मामंजी म्हणायचे, आमच्या शिवाच्या हातात थाळी दिली तर सोनं वाहून जाईल आन् माती ऱ्हाईल."

"हितं मशीन हाय," शिवदास गुरगुरला. "हात लावायचा न्हाई, बघायचं नुसतं."

पाण्याच्या लाइनचं उद्घाटन थाटात झालं. खजूर, कहवा, भाषणं. मोठा व्हॉल्व्ह फिरवल्यावर पाणी अशा जोराने आलं की पुढच्या रांगेतले पाहुणे भिजले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाण्याचं काम शिवदासने चोख केलं होतं. प्रश्न मातीचा होता.

मनामातले बंगाली कारागीर काही खुळे नव्हते. सोन्याची धूळ ते नखांतूनसुद्धा काढून ठेवतात. कंपनीला विकलेली पोती त्यांनी आधी स्वतः धुतली होती, काहींनी दोनदा. शिवदास त्यांतून केस, सुपारीची खांडं, प्लास्टिकचे चमचे काढत बसला. बरेच आठवडे मशीन घरघरल्यावर एकदाच काहीतरी पिवळं चमकलं. सगळे धावले. ती कानातल्याची फिरकी होती. पितळेची.

पाणी मात्र दिवसभर येत होतं. टाक्या भरायच्या आणि वरून वाहायच्या. एका सकाळी खिजर नावाचा पाकिस्तानी टँकरवाला शेडपुढे थांबला. आजूबाजूच्या लेबर कॅम्पांना तो पाणी पुरवायचा.

"भाई, इतना मीठा पानी गटर में?"

शिवदासने ते परीक्षितला सांगितलं. त्याला वाटलं, साहेब आता लाइन बंद करायला सांगेल. परीक्षितने खिडकीतून टँकरकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "त्याला विचार, रोज येशील का?"

तिथून खाण चालायला लागली. टँकर रांगेत उभे राहू लागले; फुकटचं पाणी कंपनी त्यांना अर्ध्या दरात विकायची. शिवदास पिवळं हेल्मेट घालून 'यल्ला, यल्ला, चला' ओरडत पाइप लावायचा. तिमाही अहवालात परीक्षितने लिहिलं की सरकारने दिलेल्या प्रत्येक थेंबामागे प्रकल्पाला भरघोस आर्थिक परतावा मिळत आहे. त्या अहवालात खोटा असा एक शब्द नव्हता. 'सोनं' हा शब्दही नव्हता.

परतावा पाहून सगळे खूश झाले. मराठी मंडळींनी गणपतीत शिवदासचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. वक्त्याने त्याला 'वाळवंटातून सोनं काढणारा मराठी माणूस' म्हटलं. शिवदासने मान खाली घातली, त्याला लोक विनय म्हणाले. घरी येताना मथुरा गाडीत एवढंच म्हणाली, "शाल बरी हाय."

मग वरून निरोप आला. इतका परतावा असेल तर पाणी दुप्पट करायचं. पण त्याआधी पाणीखात्याची एक अधिकारी, झोहरा, काम पाहून जाईल.

परीक्षित बाब अल बहरीनला गेला आणि सोन्याचे बारीक दाणे विकत घेऊन आला. पुडी शिवदासच्या हातात ठेवत म्हणाला, "हे मातीत मिसळायचं. मशीन नको, थाळीत धुऊन दाखव. हेरिटेज दिसलं पाहिजे."

"साहेब, मला येत न्हाई."

"सात पिढ्या, शिवदास!"

भेटीचा दिवस उजाडला. झोहरा आली ती साध्या काळ्या अबायात, पायात बूट. कहवा बाजूला ठेवून ती सरळ शेडमध्ये शिरली. शिवदास थाळी घेऊन उकिडवा बसला. निम्मं सोनं त्याने खरोखरच पाण्याबरोबर सांडलं, तरी तळाशी थोडे दाणे राहिले. परीक्षितबरोबरच्या साहेब लोकांनी 'वा' केलं, फोन काढून फोटो घेतले.

झोहराने थाळीत पाहिलं, मग मागच्या अंगणात गेली. धुतलेलं मातकट पाणी सोडायचा हौद तिथे होता. तो कोरडा ठणठणीत होता. तळाला एक मांजर पिल्लांना पाजत होती.

"एवढं पाणी घेता," तिने परीक्षितला इंग्रजीत विचारलं, "मग घाण पाणी कुठे जातं?"

"आम्ही रिसायकल करतो, मॅडम."

"मग रोज नवं कशाला लागतं?"

परीक्षितने 'प्रोसेस' हा शब्द तीनदा वापरला. ती ऐकून घेऊन शिवदासकडे वळली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "आप का काम अच्छा है. बाप ने सिखाया?"

या प्रश्नाला 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण बाप म्हटल्याबरोबर शिवदासला ते दिसले: गटाराकाठी बसलेले, पोरांच्या शिव्या ऐकत, पण थाळीत स्वतः काही न टाकणारे.

"नहीं मॅडम," तो म्हणाला. "बाप को आता था. मेरे को नहीं आता. ये सोना कल बाजार से आया. पानी टँकर में जाता है."

झोहराने स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह बंद केला.

आता चौकशी होईल, परीक्षित घरी जाईल, असं शिवदासला वाटलं. चौकशी झाली. समितीने लिहिलं की पाण्याचा परतावा समाधानकारक आहे, तेव्हा प्रकल्पातून सोन्याचा भाग वगळावा. कंपनीने नाव बदललं, टँकरचा रीतसर परवाना घेतला आणि पाणी पूर्ण दराने विकायला सुरुवात केली. परीक्षित जनरल मॅनेजर झाला. या समितीवर आपण वेगळं मत नोंदवल्याचं झोहराने पुढे एकाला सांगितलं म्हणतात; ते मत परिशिष्टात आहे. नोकरी गेली ती एकट्या शिवदासची. सोनं नाही, तर सोन्याचा एक्स्पर्ट कशाला?

त्याला जुन्या कंत्राटदाराने परत घेतलं, आधीच्याच पगारावर. फॅमिली व्हिसा टिकेना. श्रेयाची परीक्षा झाल्यावर मायलेकी कोल्हापूरला गेल्या. विमानतळावर मथुरा म्हणाली, "शाल न्हेते. तुमाला हितं कशाला लागतीय!" मग आत जाता जाता मागे वळून, हळूच: "मामंजी असते तर बरं वाटलं असतं त्यास्नी."

पहिल्याच शुक्रवारी शिवदास मआमीरजवळच्या कॅम्पवर गेला. आपण खरं बोललो हे तिथल्या माणसांना कळलं असेल, निदान चहा तरी मिळेल, असं त्याला वाटत होतं. साबण लावलेल्या अंगाने लोक जवळजवळ रिकाम्या टाकीपुढे उभे होते. महाग झाल्यापासून टँकर एक दिवसाआड यायचा.

"आ गए हरिश्चंद्र," खिजर आपल्या रिकाम्या टँकरच्या खिडकीतून म्हणाला. "सच बोलना था तो गर्मी के बाद बोलते, यार."

सगळे हसले. शिवदासही हसला, जरा उशिरा. मग त्याने पिशवीतून पान्हा काढला, कारण टाकीच्या खालचा नळ गळत होता आणि होतं तेही पाणी वाळूत जात होतं. तो वायसर बदलत असताना एकाने ओरडून विचारलं, किती वेळ लागेल.

"पाच मिनटं," शिवदास म्हणाला, "इंशाल्ला."