भिकुबाईच्या दारावरची पाटी

भिकुबाईच्या दुकानावर तिचं स्वतःचं नाव नव्हतं, आणि त्याचाच तिला अभिमान होता. बोदवडच्या स्टेशन रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडवर निळ्या पाटीवर ठळक लिहिलेलं होतं, 'द्रौपदाबाईचं भरीत, धुळे'. अशा पाट्या १९९२ पर्यंत खानदेशात नऊ झाल्या होत्या.

द्रौपदाबाई म्हणजे धुळ्याची अक्का. आग्रा रोडच्या कडेला ट्रकवाल्यांना भरीत-भाकरी वाढता वाढता या बाईनं एवढा पसारा उभा केला, आणि लिहायचं म्हणाल तर फक्त सही येत होती. देवपूरच्या एका प्राध्यापकांनी तिला सांगितलं, परदेशात याला फ्रँचायझी म्हणतात. अक्का म्हणाली, "म्हनू द्या भाऊ. आमी नाव देनं म्हनतस."

पण नाव फुकटात मिळत नव्हतं. वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, पऱ्हाट्यांवरच भाजायची, लाकडाच्या खोलगट बडजीतच ठेचायची. मिक्सर नुसता दिसला तरी अक्काचं डोकं फिरायचं. भिकुबाईला नाव देण्याआधी अक्का तीन दिवस बोदवडला येऊन राहिली होती. चुलीकडे पाठ करून बसायची आणि ठेचण्याच्या आवाजावरून सांगायची, "आखो पाच ठोका." भिकुबाई मोजून आणखी पाच ठोके घालायची, बोटानं चाखायची आणि तोंडात बोट तसंच राहायचं. देवानं या बाईला कान दिले होते की जीभ, हे तिला कधी कळलं नाही.

अक्काचा एकच कायदा होता. भरीत बिघडलं, की आठ दिवस पाटी खाली. दुकान बंद, आणि बाईनं दारात बसून आल्या गिऱ्हाइकाला कारण सांगायचं. जळगावच्या पार्वताबाईवर ती पाळी एकदा आली होती. तिचं निम्मं गिऱ्हाईक त्या आठ दिवसांत समोरच्या हॉटेलात गेलं ते पुन्हा फिरकलं नाही.

आणि त्या वर्षी, ऐन वांग्याच्या दिवसांत, बोदवडचं भरीत कडू लागायला लागलं. आधी एकानं ताट सरकवलं, मग चौघांनी. भिकुबाई म्हणायची, "यंदा वांगंच तसं हाय." नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला, सगळं घर त्या पाटीखाली जेवत होतं. पाचव्या दिवशी कुणा एसटी ड्रायव्हरनं धुळ्यात बातमी पोचवली, आणि सहाव्या दिवशी अक्का दारात उभी.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. भाजलेलं वांगं चाखलं, मिरची चाखली, तेल तळहातावर घेऊन चाटलं. सगळं चोख. मग अक्कानं बडजी उचलली, तिच्या कडेला जीभ लावली आणि तशीच थांबली.

"निंब शे," ती म्हणाली.

ओल्या कडुनिंबाचं लाकूड! गरम वांगं पडलं की सगळा कडवटपणा त्यात उतरत होता. भिकुबाईची जुनी बडजी तडकली म्हणून गेल्याच आठवड्यात ही नवी आली होती, आणि ती धाडली होती खुद्द अक्कानं, एसटीच्या टपावरून. सुतारानं सागवान म्हणून सांगितलं, आणि जी बाई वास घेतल्याशिवाय लाकडाची चमचीसुद्धा घरात घेत नव्हती, तिनं घाईत ती तशीच धाडून दिली होती.

"चूक तुनी नही, मनी शे," अक्का म्हणाली. "हाई चुल्हामा घाल. मनी बडजी धाडसू." पाटीला तिनं हातही लावला नाही.

भिकुबाईनं सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी अक्काची काळी, तेल मुरलेली बडजी एसटीनं आली. ड्रायव्हर म्हणाला, "धुळ्याचं दुकान बंद आहे. अक्कानं पाटी उतरवली."

भिकुबाईला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ती धुळ्याला गेली. हायवेच्या कडेला, बंद दारासमोर अक्का स्टुलावर बसली होती, पाटी भिंतीशी उलटी टेकवलेली. ट्रक थांबायचे, आणि ती उठून प्रत्येकाला तेच सांगायची, "भाऊ, आठ दिन भरीत नही. मनी चूक व्हयनी." बोदवडची बातमी ऐकलेल्या एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं विचारलं, "बोदवडनी चूक, मंग धुळानं दुकान काबर बंद?"

"दोन्ही पाटीसवर नाव कोनं शे?" अक्का म्हणाली. तो माणूस मान खाली घालून गेला.

एवढी मोठी बाई उन्हात उभी राहून परक्या माणसांपुढे चूक कबूल करत होती. भिकुबाईनं आजवर अशा माणसांबद्दल फक्त ऐकलं होतं. ती पुढं झाली आणि जे इतके दिवस गिळून बसली होती ते बोलून गेली. "अक्का, मले पयल्याच दिवशी कडू लागलं व्हतं. पाटी जाईन म्हनून बोलली नाही. लोकायले तसंच वाढलं."

अक्कानं तिच्याकडे पाहिलं. रागही नाही, नवलही नाही.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "कडू लागनं तरी कळत नही, आशी बाईले मी नाव देत नही."

भिकुबाई मिळेल त्या गाडीनं बोदवडला परतली. घरात न शिरता तिनं शेजारून शिडी मागितली, स्वतः वर चढली आणि पाटी उतरवली. मग दारात पाट टाकून आठ दिवस बसली.