भुईचाफ्याची झोप

फोन ठेवू नकोस गं, आणि आधी मुकाट्याने चार शब्द ऐकून घे. मागच्या मार्गशीर्षात किती सहज फोनवर सांगून मोकळी झालीस तू, की मावशी, तू दिलेला भुईचाफा मेला, पानं पिवळी पडून लोळायला लागली, म्हणून कुंडीच रिकामी करून टाकली! अगं, मेला नव्हता तो, निजला होता. घरातलं माणूस दुपारी जरा आडवं झालं तर त्याला उचलून उकिरड्यावर नेतेस का? तुला रागवायचं म्हणून नाही बोलत मी. तुझ्यावरचा राग केव्हाच निवला. पण हा जो एक अपराध सगळं जग हसतमुखाने करत सुटलं आहे ना, त्याचा संताप मात्र अजून माझ्या पोटात धुमसतो आहे.

डोळे मीट आणि माझ्या जळगावच्या घरामागची वैशाखातली एक सकाळ आठव. नऊ वाजले नाहीत तोवर पत्रे तापून तडतडू लागलेले, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि उत्तरेच्या भिंतीलगत, कडुनिंबाच्या सावलीतल्या त्या दोन हात मातीत मात्र काहीतरी शीतल दरवळतं आहे. थोडा कापूर, थोडं ओलं चंदन, आणि त्याखाली आल्याचा एक बारीकसा तिखट सूर. वाकून बघावं तर पान नाही, देठ नाही, खोडाचा पत्ता नाही. नुसत्या कोरड्या मातीच्या ओठांतून थेट एक फूल बाहेर आलेलं! शुभ्र, नाजूक, एका पाकळीवर जांभळी झाक घेतलेलं. जणू धरित्रीने कुणालाही न विचारता मनातली एक गोष्ट हळूच बोलून टाकावी. त्याची पानं मागाहून येतात, पावसाळाभर रुपेरी पट्टे मिरवतात, आणि थंडीची चाहूल लागली की माघारी जातात. मग चार महिने तिथे काही म्हणजे काही नसतं.

हे 'काही नसणं' लोकांना का सोसत नाही, ते मला आयुष्यभर उमगलं नाही. उघडी माती दिसली की हात शिवशिवतात यांचे! शेजारपाजारची अंगणं बघ, इंचइंच फरशीखाली गाडून टाकलेली. वर पुन्हा दारात प्लास्टिकचं हिरवं गवत, आणि उन्हाळ्यात हेच लोक छपरावर हिरवी जाळी ताणून सावलीसाठी तळमळणार! रिकामी जागा, रिकामा वेळ, रिकामं बसलेलं माणूस, या तिघांचाही यांना सारखाच धसका. जे डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, असा निवाडा करायला यांना कुणी बसवलं आहे?

मला भुईचाफा सांभाळायला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. आमच्या भिंतीपलीकडे रझियाआपा राहायची. तिचा नवरा गाद्या भरायचा, आणि तिच्या केसांत बारा महिने कापसाचं एखादं तूस अडकलेलं असायचं. मुलाकडे सुरतेला कायमची निघाली त्या दिवशी तिने ओढणीच्या टोकाला बांधून आणलेले चार कंद माझ्या ओंजळीत ठेवले. लावायचे कसे, खत काय घालायचं, मी विचारत सुटले, तर हसली आणि म्हणाली, "बहन, बस इतना कर. जाडे में इसकू चार महिने भूल जा." थंडीत याला चार महिने विसरून जा, एवढाच तिचा उपदेश! सावली दे, पालापाचोळ्याची भुसभुशीत माती दे, पाणी साचू देऊ नकोस, हे सगळं मी पुढे चुकत माकत शिकले. पण भूल जा, हे मात्र अवघड होतं बाई. खुरपी घेऊन उकरून बघावंसं वाटे, लोटाभर पाणी टाकावंसं वाटे. न करण्यालाही केवढा धीर लागतो! दोन वर्षांपूर्वी सुरतेहून रझियाआपा गेल्याची बातमी आली. तिच्या मागे माझ्याकडे तिचा फोटो नाही, चिठ्ठी नाही. तो एवढा भुईचाफा होता.

आणि त्याच्यावर ठिबक बसवलं तुझ्या नानामामाने!

नाना माझा पाठचा भाऊ, सावद्याचा केळीवाला, हे तुला मी सांगायला नको; पण यंदाच्या थंडीत काय घडलं ते तुला कुणी धड सांगितलेलं नाही. संक्रांत झाली आणि मी धुळ्याला लेकीच्या बाळंतपणाला गेले. त्याच सुमारास नानाच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, महिन्याच्या अंतराने, जळगावला ठरलं होतं. माझं घर मोकळंच होतं, म्हणून तो आणि भावजय तिथे येऊन राहिले. जाताना मी त्याला मागे नेऊन ती उघडी जागा बोटाने दाखवली होती. इथे झाड निजलंय, याला हात लावू नकोस, एवढं स्पष्ट बजावलं होतं. त्याने मान हलवली. पण जन्मभर केळीत राबलेल्या माणसाला झाडाची झोप ठाऊक कुठून असणार? केळ कधी निजत नाही. बाराही महिने पिते, आणि ऐन चैत्रात दोन दिवस पाणी चुकलं तर घड माना टाकतात. त्याच्या जगात गप्प पडलेल्या झाडाचा अर्थ एकच, ते तहानलेलं आहे. बहिणीच्या घरी राहतोय, तिचं काहीतरी भलं करावं, म्हणून पठ्ठ्याने शेतावरून नळ्या मागवल्या, घरामागे सगळीकडे अंथरल्या, आणि माझ्या निजलेल्या भुईचाफ्याच्या उशाशी थेंब थेंब पाणी सुरू केलं. वर पुन्हा केळीचं विद्राव्य खत! दीड महिना, रोज सकाळ संध्याकाळ, अतोनात प्रेमाने.

फाल्गुनात मी परतले. चप्पल न काढता मागे गेले. माती काळीशार, गार, आणि तिला एक आंबूस वास. बोटं खुपसली तर कंद हातात येण्याऐवजी बोटांभोवती लिबलिबीत होऊन पसरले. नाना मागे उभा, डोळ्यावर काळा चष्मा, चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. आणि मी त्याला बोलले गं. लहानपणापासून कधी बोलले नव्हते तसं बोलले. "नाना, डोळे नवे करून घेतलेस, पण बघायचं कधी शिकणार आहेस?" त्याचं हसू विरलं. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "अक्का, मी जलमभर पानीच देलं. दुसरं मले येतेच काय?"

त्यावर मी गप्प बसायला हवं होतं, बसले नाही. तावातावाने नळ्या उपटल्या, भावजयीने पुढे केलेला चहासुद्धा घेतला नाही. मला अजूनही वाटतं की माझा राग खोटा नव्हता. काळजीच्या नावाखाली दुसऱ्याला उसंतच मिळू द्यायची नाही, हा कुठला न्याय? आम्हा म्हाताऱ्यांचंही घरचे हेच करतात. म्हातारी जरा खिडकीपाशी निवांत बसली की, बरं नाही का, टीव्ही लावू का, डॉक्टरकडे नेऊ का! अरे, बसलेय रे बाबांनो, नुसती बसलेय! माणसाला काय, झाडाला काय, स्वतःच्या आत उतरायला काही काळ लागतो, आणि त्या वेळी दार ओढून घेऊन बाहेर थांबणं ही सेवाच नाही का? पण जगाला फक्त ओतता येतं. हात आवरता येत नाही.

त्या संध्याकाळी मी सगळी माती चाळली. कुजलेलं कापून टाकलं, आणि शेवटी चारच कंद हाताला घट्ट लागले. कापल्या जागी बंबातली राख चोळली, सुपात पसरून सावलीत ठेवले. सूप आत नेताना पाहते तर भावजय नानाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती. पदराचं टोक ओलं करून ती त्याचा गाल पुसायला गेली, तशी त्यानेच तिचा हात घाईघाईने बाजूला केला. डॉक्टरांनी डोळ्याला पाण्याचा थेंबसुद्धा लागू देऊ नको म्हणून बजावलं होतं, आणि ते पथ्य तो शाळकरी मुलासारखं पाळत होता. मी तिथेच उभी राहिले. याला येतं की! पाणी दूर ठेवण्यानेही काही बरं होतं, हे याच्या स्वतःच्या डोळ्याला कळलं आहे. फक्त हाताला कळायचं राहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी ते सावद्याला निघाले तेव्हा चारही कंद वाळू नि पालापाचोळ्याच्या कोरड्या मातीत घालून ती कुंडी मी नानाच्या मांडीवर ठेवली. आखाजीपर्यंत, पार अक्षय्य तृतीयेपर्यंत, एक थेंबही नाही, म्हटलं. त्याला वाटलं मी अजून टोमणाच मारते आहे. नव्हता तो टोमणा. रागाच्या भरात का होईना, मला एवढं पक्कं माहीत होतं की ज्याच्या हातून हे गेलं, त्याच्याइतकी राखण दुसरं कुणी करणार नाही. पण खरं सांगते, गाडी वळल्यावर हाक मारून ती थांबवावीशी वाटली. उरलेसुरले चार, आणि तेही मी पाणीवाल्याच्याच हवाली केले!

आखाजीला मी माहेरी सावद्याला आले. भावजयीने दारातच तक्रार मांडली. यांनी कुंडी ओट्याच्या कोपऱ्यात, सावलीत ठेवली आहे, वर टोपली पालथी घातली आहे, आणि सडा टाकायचा झाला तरी त्या बाजूला कुणाला फिरकू देत नाहीत; परवा शेतावरची मोटार सुरू करायला निघाले तेव्हासुद्धा वाटेत आधी टोपली उचलून बघितली. नाना माझ्याशी फार बोलला नाही. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली, पूजा झाली, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवला, आणि मग मला खुणेने ओट्यावर बोलावलं. टोपली काढली. माती हाडासारखी कोरडी, तिला एक नखभर भेग, आणि त्या भेगेतून बोरीच्या काट्याएवढं, जांभळट, टोकदार असं काहीतरी वर आलेलं. चारातलं एकच.

नानाच्या हातात पूजेची पळी होती. "अक्का," तो म्हणाला, "आता देऊ?"

मी म्हटलं, दे.

ज्या माणसाने एकरच्या एकर बागा भिजवल्या, त्याने ती एक पळी कुंडीच्या कडेकडेने इतक्या जपून सोडली की मातीला आवाजही झाला नाही. मग पळी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला, आणखी एक द्यावी का, हे विचारायचं धाडस न होऊन. मी मान हलवली, नाही म्हणून. मग तो जागचा हलला नाही, मीही नाही. इतक्या वर्षांत आम्ही दोघं भावंडं अशी काही न करता शेजारी शेजारी कधी बसलो होतो, मला आठवत नाही.

मी अजून सावद्यालाच आहे. तो काटा आता बोटाच्या पेराएवढा झाला आहे, आणि आत पांढरं दिसतं आहे, असं नानाचं म्हणणं. माझे डोळे काही तेवढे नवे नाहीत. हे फूल एका दिवसाचं असतं गं, सकाळी उमललेलं दुपार कलताना मिटायला लागतं. तेव्हा रजा मिळाली की निघते, असलं काही सांगत बसू नकोस. ये लवकर. येताना माझ्यासाठी काही आणू नकोस, आल्यावर कुणाला काही मदत करू नकोस. ओट्यावर आमच्या दोघांच्या मधे जागा ठेवली आहे, तिथे येऊन नुसती बस.