धनेशाची मादी ढोलीत गेली तेव्हा

नाशिकच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. प्राणिशास्त्राच्या सरांनी सांगितलं होतं, एखाद्या पक्ष्याची विणीच्या आधीची वागणूक बघून लिहा. वाटलं, एवढं तरी मला जमेल. पक्षी आमच्याच डोंगरात आहेत. होळीला गावी गेलो तो तिथेच राहिलो.

पेठकडच्या आमच्या पाड्यामागे चढावर जुना बेहडा होता. त्यावर धनेशाची जोडी यायची. नर गळ्यात उंबरं साठवून आणी. फांदीवरून मादीकडे सरकत जाई, मान झटकून एक उंबर चोचीच्या टोकावर काढी आणि तिच्यापुढे धरी. ती तोंड फिरवायची. तो ते गिळायचा, पुन्हा वर काढायचा, पुन्हा धरायचा. एका सकाळी तिनं घेतलं. मला रडूच आलं. का, ते सांगता येणार नाही.

आमच्याकडे माणूस झाडाकडे मान वर करून बसला, की त्याला काहीतरी खायचं सापडलंय असंच धरतात. काका गळ्यात गलोल अडकवून आलेच.

“काय रं कालेजवाल्या, मोहळ हाय का?”

“नाय काका, पाखरं बघतो.”

“नुसती बघतो?”

“लिहितो पण.”

“आरं, पाखरं बघून पास करतात तर मला मास्तरच करायला पायजे व्हतं!”

ते हसले, पण नजर वरच होती. काकूचे गुडघे धरले होते, आणि धनेशाचं तेल चोळलं की दुखणं जातं असं पाड्यात सगळेच मानत. मी हात जोडले. मादी ढोलीत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते, आत अंड्यांवर बसते, तिला मारू नका, एवढंच कसंबसं बोललो. नराचं बोलायला सुचलंच नाही.

काका गंभीर झाले. “पोटुशीवर कोण गलोल धरतो? शब्द दिला.”

पुढे ती आत गेली. लिंपलेल्या तोंडाला बारीक फट उरली, आणि नर त्या फटीतून तिला भरवू लागला.

मग एका सकाळी काका अंगणात आले, ते नराला पायांना धरून.

“तुझी मादी आत हाय, जाऊन बघ. शब्द मोडला नाय.”

“काका, तिला आता खायला कोण देणार?”

“आत साठवलं नसंल का तिनं?” ते खरंच विचारत होते. मी नाही म्हणून मान हलवली, तसा त्यांचा हात खाली आला.

खिशात उंबरं भरून मी बेहड्यावर चढलो. खालून काका “जपून रं, जपून” म्हणत होते. फटीशी उंबर धरलं. आत खरखर झाली, ती मागे सरकली. हात भरून आला, उंबर बोटांत मऊ पडलं.

“घे ना गं,” मी म्हणत होतो. “घे.”

फट काळीच राहिली.